पाळणा आणि फर्मान

1966 हे जपानमध्ये 'हिनोए-उमा'चे, म्हणजे अग्नी आणि घोडा यांच्या योगाचे वर्ष होते. हा योग साठ वर्षांनी एकदा येतो. त्या वर्षी जन्मलेली मुलगी पुढे नवऱ्याच्या मुळावर येते, अशी तिथली जुनी समजूत आहे. आपल्याकडे मंगळाच्या मुलीची पत्रिका पाहून लोक मागे सरतात, तसाच हा प्रकार. 1965 मध्ये जपानात 18 लाखांहून जास्त बाळे जन्मली होती. 1966 मध्ये हा आकडा साडेतेरा लाखांच्या आसपास उतरला आणि 1967 मध्ये पुन्हा 19 लाखांच्या वर गेला. सरकारने कोणालाही काही सांगितले नव्हते. टोकियो ऑलिंपिक पार पडलेल्या, बुलेट ट्रेन धावू लागलेल्या देशात लाखो जोडप्यांनी आपापल्या घरी ठरवले, की यंदा मूल नको.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रोमेनियात निकोलाय चाउशेस्कू यांच्या राजवटीने 770 क्रमांकाचे फर्मान काढले. तिथे 1957 पासून गर्भपात कायदेशीर होता. गर्भनिरोधक साधने फारशी मिळत नसल्याने कुटुंब लहान ठेवण्याचा तोच मुख्य मार्ग होता. फर्मानाने तो बंद केला. 45 वर्षांपुढच्या किंवा चार मुले असलेल्या स्त्रिया आणि आणखी काही मोजके अपवाद तेवढे वगळले. परिणाम तडकाफडकी दिसला. 1966 मध्ये 2 लाख 74 हजार बाळे जन्मली होती, 1967 मध्ये 5 लाख 28 हजार. प्रसूतिगृहे अपुरी पडली आणि काही वर्षांनी शाळांनाही वर्ग पुरेनात.

जन्मांचा हिशेब मांडताना अभ्यासक 'एकूण जनन दर' हे माप वापरतात. आजचे प्रमाण कायम राहिले, तर एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी किती मुले होतील, हे त्यातून कळते. हा दर 2.1 असला, की एक पिढी आपली जागा भरून काढते. रोमेनियात तो वर्षभरात 1.9 वरून 3.7 वर गेला. शांततेच्या काळात इतकी मोठी उडी दुसऱ्या कुठल्या देशात क्वचितच दिसते.

पण ही भरती टिकली नाही. स्त्रियांनी चोरवाटा शोधल्या, सीमेपलीकडून गोळ्या येऊ लागल्या आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दर पुन्हा दोनच्या आसपास आला. मग राजवट कारखान्यांत शिरली. कामावरच्या स्त्रियांची सक्तीची तपासणी सुरू झाली, मूल नसलेल्यांवर जादा कर बसला. या फर्मानाच्या 23 वर्षांत लपूनछपून केलेल्या गर्भपातांमुळे सुमारे दहा हजार स्त्रिया दगावल्या, असा अंदाज आहे. डिसेंबर 1989 मध्ये राजवट कोसळली, तेव्हा तिथल्या अनाथालयांत लाखभर मुले होती आणि त्यांतल्या बहुतेकांचे आईबाप हयात होते. नव्या सरकारने पहिल्या काही दिवसांतच 770 रद्द केले. पुढच्या वर्षी मातामृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले.

गेल्या दोन शतकांत पाळणे कसे कमी झाले, हे पाहताना ही दोन उदाहरणे पुन्हा पुन्हा आठवतात. मूल कधी हवे, किती हवीत, हे घराघरांत ठरत आले आहे. सरकारांनी त्यात हात घातला, तेव्हा आकडे थोडा काळ हलले. जखमा मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या.

सर्वांत आधी पाळणा लांबवला तो फ्रान्सने. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे कारखान्यांचे धुराडे पेटण्याआधीच, तिथल्या खेड्यापाड्यांत मुलांची संख्या घटू लागली. इंग्लंडमध्ये अशी घट दिसायला त्यानंतर शंभर वर्षे लागली. गोळ्या नव्हत्या, तांबी नव्हती, आरोग्यसेविका नव्हत्या. जोडप्यांना ठाऊक असलेल्या जुन्या, साध्या उपायांवरच हे सारे घडले. चर्चची पकड तोवर सैल झाली होती आणि जमिनीचे तुकडे पडू नयेत ही शेतकऱ्यांची काळजी वाढली होती, अशी कारणे इतिहासकार देतात. 1800 च्या सुमारास फ्रान्सची लोकसंख्या ब्रिटनच्या अडीचपटीहून जास्त होती; शतकभराने जर्मनीही त्याच्या बरीच पुढे गेली होती. 1870 च्या युद्धात जर्मनांकडून हरल्यावर फ्रान्समध्ये कमी मुलांची ओरड सुरू झाली आणि 1920 मध्ये गर्भनिरोधनाच्या प्रचारावर कायद्याने बंदी आली. त्या कायद्यानंतरही पाळणे काही भरले नाहीत. जन्मदर वाढला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर, आणि तेव्हा तो जवळपास सगळ्या श्रीमंत देशांत वाढला.

अमेरिकेतली ती लाट 'बेबी बूम' म्हणून ओळखली जाते. 1957 मध्ये तिथे 43 लाख बाळे जन्मली आणि जनन दर 3.8 च्या जवळ पोचला. युद्धातून परतलेले तरुण, हाताला काम, स्वस्त कर्जावर घरे आणि लवकर लग्ने. ती पिढी आता सत्तरीत आहे आणि अमेरिकेचा आजचा दर 1.6 च्या आसपास आहे.

या सगळ्या बदलाच्या मुळाशी एक मोठी गोष्ट आहे, आणि तिच्याशिवाय बाकी काही नीट कळत नाही. मुले जगू लागली. दोनशे वर्षांपूर्वी जगात जन्मलेल्या दर दहा बाळांपैकी चार पाच वर्षांची होण्याआधीच जात. आज शंभरातली चार जातात. महाराष्ट्रात दगडू, धोंडू, भिकू अशी नावे ठेवण्याची रीत होती ती याच भीतीतून. आधीची दोन-तीन मुले गेलेली असत, म्हणून पुढच्या मुलाला दगडाधोंड्याचे नाव द्यायचे, म्हणजे नशिबाची नजर त्याच्यावर पडणार नाही. 1951 मध्ये भारतीयाचे सरासरी आयुर्मान जेमतेम 32 वर्षे होते आणि एका बाईला सहाच्या आसपास मुले होत. लसी, क्षारसंजीवनी, स्वच्छ पाणी आणि दवाखाने आले, तशी पाळण्यातली मुले मोठी होताना दिसू लागली. मग त्यांना शिकवायचे कसे, जमीन वाटायची कशी, हे प्रश्न पुढे आले.

या प्रश्नाला मुंबईत फार लवकर हात घातला गेला होता, हे आज पुष्कळांना माहीत नसते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये तिथे संततिनियमन केंद्र उघडले. मेरी स्टोप्स यांचे लंडनचे प्रसिद्ध केंद्र सुरू झाले तेही त्याच वर्षी. कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवत. या कामापायी त्यांची ती नोकरी गेली. 1927 पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले, अश्लीलतेचे खटले सोसले, दंड भरले, आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत मासिक सोडले नाही. 1934 मधल्या एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. पुढे 1938 मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत ठराव मांडला, की संततिनियमनाची माहिती आणि साधने सरकारने लोकांपर्यंत न्यावीत. त्यासाठीचे भाषण आंबेडकरांनीच तयार केले होते. ठराव बहुमताने फेटाळला गेला. कर्वे काय आणि आंबेडकर काय, दोघांचाही भर स्त्रीच्या आरोग्यावर आणि तिच्या मर्जीवर होता. पुढच्या सरकारी मोहिमांनी नेमका तोच भाग मागे टाकला, हे या इतिहासातले सर्वांत मोठे नुकसान आहे.

स्वतंत्र भारताने पहिल्या पंचवार्षिक योजनेपासूनच कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. जगातला हा असा पहिलाच कार्यक्रम. लाल त्रिकोण आला, 'हम दो, हमारे दो' आले, निरोध आले. जनन दर हळूहळू उतरू लागला होता, पण दिल्लीला धीर नव्हता. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, देशात 82 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुतेक पुरुषांच्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना 'केसेस' आणण्याचे आकडे ठरवून दिले होते. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर 1976 मध्ये तीन मुले असलेल्या जोडप्यांसाठी सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. मार्च 1977 च्या निवडणुकीत सरकार गेले, पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया दहा लाखांच्याही खाली आल्या आणि खात्याचे नाव बदलून 'कुटुंब कल्याण' झाले.

पुरुष या कार्यक्रमातून जे बाहेर पडले, ते पुन्हा परतले नाहीत. सगळा भार बायकांवर आला. हिवाळ्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर 'दुर्बिणीच्या ऑपरेशन'ची शिबिरे भरत. सकाळपासून उपाशी बसलेल्या बायका, त्यांची तान्ही पोरे मांडीवर घेतलेल्या सासवा आणि आया, हातात कागद घेऊन नावे पुकारणाऱ्या नर्सबाई, आणि शस्त्रक्रियेनंतर जमिनीवर अंथरलेल्या गाद्यांवर ओळीने निजवलेल्या पंचविशीतल्या मुली. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या अशाच एका शिबिरात काही तासांत 83 स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि तिथल्या शिबिरांनंतर तेरा जणी दगावल्या. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत शिबिरे थांबवण्याचा आदेश दिला. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे 2019-21 मध्ये, नसबंदी झालेल्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण सुमारे 38 टक्के आहे, तर पुरुष नसबंदीचे 0.3 टक्के.

जबरदस्ती न करताही दर उतरतो, आणि कधी कधी जास्त वेगाने उतरतो. ब्राझीलमध्ये सरकारने कुटुंब लहान ठेवण्याची कोणतीही मोठी मोहीम राबवली नाही, उलट कॅथलिक चर्चचा कडवा विरोध होता. तरीही 1960 मध्ये सहाच्या वर असलेला दर 2000 पर्यंत 2.3 वर आला. शहरांकडे गेलेली माणसे, शिकलेल्या मुली ही कारणे होतीच. त्यांच्या जोडीला अर्थशास्त्रज्ञांनी आणखी एक धागा शोधला. ग्लोबो वाहिनीच्या मालिकांतल्या बहुतेक तरुण नायिकांना मूल नसे किंवा एकच असे. ही वाहिनी देशात एकेका भागात टप्प्याटप्प्याने पोचली. ज्या भागात तिचे प्रक्षेपण पोचले, तिथे जन्म कमी झाले, आणि जी मुले जन्मली त्यांना मालिकेतल्या पात्रांची नावे मिळू लागली. परिणाम फार मोठा नव्हता, पण तो गरीब घरांतल्या स्त्रियांत जास्त स्पष्ट दिसला.

इराणची कहाणी याहून ठळक आहे. 1980 च्या दशकात तिथे दर साडेसहाच्या आसपास होता. इराकशी युद्ध चालू होते आणि मोठी कुटुंबे राष्ट्राचे बळ मानली जात. युद्ध संपल्यावर 1989 मध्ये त्याच इस्लामी राजवटीने धोरण फिरवले. खेड्याखेड्यांत 'आरोग्य घरे' उभी होती, त्यांत गावातलीच शिकलेली, 'बेहवर्ज' म्हणून ओळखली जाणारी सेविका असे. तिथल्या भिंतीवर एक मोठा गोल तक्ता टांगलेला असे. गावात या वर्षी किती जन्म, किती मृत्यू, कोणत्या वयाच्या आया, कोण कोणते साधन वापरते, हे सारे त्यात भरलेले. साधने फुकट मिळत, लग्नाआधी वधूवरांना कुटुंब नियोजनाच्या वर्गाला बसावे लागे. या साऱ्याबरोबर खेड्यातल्या मुली मोठ्या संख्येने शाळेत जाऊ लागल्या. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणचा दर दोनवर आला होता. युरोपला जे जमायला शंभर वर्षे लागली, ते इथे वीस वर्षांच्या आत झाले. पुढे राजवटीने पुन्हा फिरकी घेतली, 2021 मध्ये जास्त मुलांसाठी कायदा करून साधनांवर निर्बंध आणले. पाळणे मात्र वाढले नाहीत.

चीनचे नाव निघाले, की 'एक मूल' धोरणाने चीनने लोकसंख्या रोखली, असे सर्रास बोलले जाते. आकडे तसे सांगत नाहीत. 1970 च्या सुमारास तिथे दर 5.8 होता. 'उशिरा लग्न, मोठे अंतर, कमी मुले' या मोहिमेच्या दशकातच तो 2.7 वर आला होता. एका मुलाचा नियम त्यानंतर, 1980 मध्ये आला. त्या आधीच्या मोहिमेतही दडपण होतेच, पण मोठी घसरण या नियमाने घडवली नाही. त्याने दिले ते दंड, सक्तीचे गर्भपात आणि कोट्यवधी मुलींची तूट. 2016 मध्ये दोन आणि 2021 मध्ये तीन मुलांना परवानगी मिळाली. 2016 मध्ये 1 कोटी 78 लाख जन्म झाले होते, 2023 मध्ये 90 लाखांच्या आसपास. जे दार सरकारने बंद केले होते, ते उघडल्यावर आत यायला कोणी तयार नव्हते.

दक्षिण कोरियात हे चित्र सर्वांत टोकाला गेले आहे. 1960 मध्ये तिथे एका स्त्रीला सरासरी सहा मुले होत. 2023 मध्ये दर 0.72 होता, सोलमध्ये तर 0.55. 1970 मध्ये दहा लाख बाळे जन्मली होती, 2023 मध्ये दोन लाख तीस हजार. सोलमधल्या घरांच्या किमती, मुलांना रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या खासगी क्लासेसमध्ये घालण्याची सक्तीवजा रीत, कामाचे लांबलचक तास, आणि नोकरी करूनही घरचे सगळे बाईनेच पाहायचे ही अपेक्षा, या सगळ्याला तिथल्या तरुणींनी लग्न टाळून उत्तर दिले आहे. लग्नाबाहेर मूल होणे तिथे अजून फार कमी, म्हणून लग्ने घटली, की जन्म घटतात. सरकारने 2006 पासून अब्जावधी डॉलर ओतले. 2024 मध्ये दर 0.75 झाला, नऊ वर्षांतली ती पहिली वाढ. क्लासच्या फीचा धसका घेऊन एकावरच थांबणाऱ्या पुण्या-ठाण्याच्या घरांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

पैसा आणि सवलती दिल्या की प्रश्न सुटतो, असेही नाही. फिनलंडमध्ये पालकांची रजा, पाळणाघरे, सगळे उत्तम. तरी 2023 चा दर 1.26. दुसरीकडे कझाकस्तानात 1999 च्या सुमारास 1.8 वर आलेला दर 2021 मध्ये 3.3 पर्यंत चढला, आणि तिथल्या स्त्रिया चांगल्या शिकलेल्या आहेत. आफ्रिकेत नायजरमध्ये आजही सहाच्या आसपास मुले होतात, पण इथिओपियाच्या आदिस अबाबा शहरात दर 2000 सालीच दोनच्या खाली गेला होता, तेही देशाच्या खेड्यांत तो सहाच्या आसपास असताना. एकच सूत्र सगळीकडे लावू पाहणाऱ्याने ही चार ठिकाणे आधी पाहावीत.

भारताचा दर पाचव्या पाहणीत 2.0 वर आला. बिहार 3.0 वर, उत्तर प्रदेश 2.4 वर, केरळ 1.8 वर, महाराष्ट्र 1.7 वर आणि गोवा 1.3 वर. म्हणजे सरासरीने पाहिले, तर महाराष्ट्रातली पुढची पिढी आजच्या पिढीपेक्षा लहान असणार आहे. तरी देशाची लोकसंख्या 2060 च्या दशकापर्यंत वाढत राहील, कारण आज मुले होण्याच्या वयात असलेल्या तरुणांची संख्याच प्रचंड आहे.

या उतरणीची एक काळी बाजू महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. मुले दोनच हवीत, पण त्यांत मुलगा हवाच, असे ठरले, की सोनोग्राफीच्या यंत्राचा गैरवापर सुरू होतो. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, 1988 मध्ये, महाराष्ट्राने केला. तरीही 2011 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 894 मुली उरल्या, बीड जिल्ह्यात 807. त्याच वर्षी साताऱ्यात अडीचशेहून अधिक मुलींनी एका समारंभात आपले 'नकोशी' हे नाव टाकून नवे नाव घेतले.

असे असताना, सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झालेल्याला महाराष्ट्रात आजही ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. आंध्र प्रदेशने असाच नियम 2024 मध्ये रद्द केला. 1.7 दर असलेल्या राज्यात हा नियम कोणाला रोखतो? बहुतेक करून गरीब घरातल्या, मुलगा होईपर्यंत थांबता न आलेल्या स्त्रियांना, ज्यांचा त्या निर्णयात फारसा आवाज नव्हता. नियम काढून टाकायला हवा आणि त्याच्या जागी 'जास्त मुले जन्माला घाला' अशी हाकही यायला नको.

करण्यासारखे काम वेगळेच आहे. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा 26 आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. पण कांदा काढणारी मजूर, ऊसतोडीला जाणारी बाई, चार घरची धुणीभांडी करणारी, घरी बसून शिवणकाम करणारी, यांच्यापैकी एकीलाही त्या पाळणाघराचा उपयोग नाही. राज्यातल्या कामकरी स्त्रियांत त्याच सर्वांत जास्त आहेत, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या मुलांबरोबर म्हाताऱ्या सासूसासऱ्यांचेही त्यांनाच पाहायचे आहे.